सशाचे सात तास

सांगलीहून एका आईने पत्र लिहिले आहे. त्यांची मुलगी अकरावी वाणिज्य शाखेत शिकते. लॉकडाउनमध्ये व्हिडिओ पाहून ती क्रोशा शिकली आणि गेल्या वर्षभरात ससे, अस्वले, कासवे, किल्लीला अडकवायच्या बाहुल्या अशा चाळीसेक वस्तू तिने ओळखीपाळखीत विकल्या. बारावीनंतर कॉलेज नको, पूर्ण वेळ हेच करते, असे ती म्हणते. वडील याला पोरखेळ म्हणतात. एका सशाला ३५० रुपये येतात, सामानाला ११० रुपये लागतात आणि तो विणायला सात तास जातात, एवढा तपशील देऊन आईंनी विचारले आहे, की मुलीला अडवावे की सोडावे?

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण आकडे कळवलेत, त्यामुळे माझे निम्मे काम झाले. ३५० मधून ११० वजा केले की २४० उरतात आणि त्यांना सातने भागले की तासाला साधारण ३४ रुपये पडतात. त्यात पार्सलचा खर्च, उसवून पुन्हा विणलेले टाके आणि ग्राहकाशी चाललेली घासाघीस धरलेली नाही. हा हिशेब मुलीला कमी लेखण्यासाठी मांडू नका. तिने स्वतः वही घालून महिनाभर प्रत्येक वस्तूचे तास टिपावेत आणि मग आपण तिघांनी त्या वहीसमोर बसावे, म्हणजे ‘पोरखेळ’ आणि ‘करिअर’ या दोन शब्दांवरून होणारा वाद थांबून नेमक्या गोष्टीवर बोलणे सुरू होईल.

या व्यवसायाची गोम अशी, की स्वेटर यंत्रावर निघतो, पण क्रोशाचे खरे विणकाम आजही यंत्राला जमलेले नाही. बाजारात स्वस्तात दिसणारे क्रोशाचे खेळणेसुद्धा कुणाच्या तरी हातानेच विणलेले असते; केवळ त्या हाताला फार थोडे पैसे मिळालेले असतात. आंध्रातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या नरसापूर भागात बायका पिढ्यानपिढ्या क्रोशाची लेस विणत आल्या, ती परदेशी गेली, पण सुई चालवणारीच्या वाट्याला मुख्यतः नगावर ठरलेली तुटपुंजी मजुरीच आली. तेव्हा हातात कसब आहे एवढ्यावर पोट भरेल असे मी आपल्याला सांगणार नाही. सात तासांचा ससा सातच तासांत होणार आणि दिवसाचे तास वाढणार नाहीत.

म्हणून मला खरा प्रश्न वेगळा वाटतो. आपली मुलगी व्हिडिओतला ससा विणते, की स्वतःचा ससा मनात आणून त्याचा नमुना टाका-टाका मोजून लिहू शकते? जपानीत ‘अमिगुरुमी’ म्हणतात तो हा बाहुल्या विणण्याचा प्रकार मुख्यतः मुक्या खांबांचा, म्हणजे क्रोशाच्या आखूड टाक्यांचा, एका कड्यापासून गोल गोल चढत जाणारा. पहिल्या फेरीत सहा टाके, दुसरीत बारा, तिसरीत अठरा असे प्रत्येक फेरीत सहा वाढवत गेले की सपाट चकती होते. वाढ थांबवली की तिची वाटी होते आणि प्रमाणाबाहेर वाढवले की कडेला झालर पडते. सशाचे डोके, गाल, कान हे सारे याच वाढीघटीतून येते. मुलीला गणिताची भीती वाटते असे आपण लिहिले आहे, म्हणून थोडे विषयांतर करतो: कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ दाइना तैमिना यांनी १९९७ मध्ये याच झालरीच्या युक्तीने हायपरबोलिक भूमितीचे, म्हणजे कडेकडे झालरीसारखे पसरत जाणारे, पृष्ठ क्रोशाने विणून दाखवले, कारण कागदाची प्रतिकृती हाताळताना फाटे. जी मुलगी फेऱ्यांचा हिशेब मनात ठेवते, तिला गणित येत नाही असे मी तरी सहजासहजी मानणार नाही.

तिला नमुना रचता येत असेल, तर वाट रुंद आहे. एकदा लिहिलेला नमुना शंभर जणींना विकता येतो, त्यावर वर्ग घेता येतात आणि तिथे सात तासांची अट सुटते. शिवाय डिझाइनचे शिक्षण वाणिज्य शाखेतूनही घेता येते. मुंबईच्या निफ्ट या फॅशन शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेत निटवेअर, म्हणजे विणीच्या कपड्यांच्या, डिझाइनची पदवी आहे. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या गांधीनगर आवारात खेळणी व खेळांच्या डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. दोन्हीकडे प्रवेश परीक्षा असते, शुल्क जड असते आणि निफ्टच्या पदवीसाठी तयारी बारावीच्या आधीच सुरू करावी लागते. ते परवडणारे नसेल तर सांगलीतच बी.कॉम. करावे. हिशेब, कर आणि विक्री समजणारी कारागीर एजंटाच्या हाती सापडत नाही. कॉलेज सोडण्याच्या बाजूचा मी नाही, हे मात्र स्पष्ट सांगतो.

एक गोष्ट बहुतेक घरांत ठाऊक नसते. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. मुलीने १८ पूर्ण होताच या नोंदणीसाठी, म्हणजे ‘पहचान’ ओळखपत्रासाठी, अर्ज करावा. तोवर शोभेच्या वस्तू, फुलांचे गुच्छ, राख्या, तोरणे यांवर भर द्यावा. त्यांना वेळही कमी लागतो. आपल्याकडे रुखवतात क्रोशाचे रुमाल मांडण्याची रीत होतीच, तिला नवे गिऱ्हाईक मिळू शकते. तान्ह्या मुलांसाठी काही विणायचेच झाले तर प्लॅस्टिकचे डोळे लावू नयेत, दोऱ्याने भरावेत. डोळा निघून घशात अडकला तर जिवावर बेतते. कार्टूनमधील प्रसिद्ध पात्रांच्या बाहुल्या विकणेही तिने थांबवावे. मागणी त्यांनाच जास्त असते हे खरे, पण त्या पात्रांचे हक्क दुसऱ्याचे आहेत.

सशाचा भाव किती ठेवावा, हेही आपण विचारले आहे. तासाला ८० रुपये धरले तरी सात तासांचे ५६० आणि सामानाचे ११० मिळून ६७० होतात. सांगलीत ओळखीतले गिऱ्हाईक या भावाला बहुधा नाक मुरडेल. तेव्हा सशाची उंची कमी करून तो तीन तासांत बसतो का, हे तिला करून पाहू द्या. त्याच दराने तासांचे २४० आणि सामान कमी लागेल ते, म्हणजे आजच्याच ३५० च्या आत तो ससा सहज बसतो. पुढच्या पत्रासोबत तिच्या वहीची चार पाने आणि तिने स्वतः लिहिलेला एखादा नमुना पाठवा. प्रवेश परीक्षेच्या तयारीविषयी मी ते पाहून लिहीन.