वाचकांचे प्रश्न : गाडीत रिव्हॉल्व्हर आणि पुढे राज्याची हद्द

प्रश्न : नमस्कार वकीलसाहेब. लश्करमध्ये माझं सराफीचं छोटं दुकान आहे. बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे, लायसन्स बारा वर्षं जुनं, दर वेळी वेळेवर रिन्यू केलेलं. माल घेऊन महिन्यातून दोन-तीनदा आग्रा नाहीतर झाशीला जावं लागतं तेव्हा ते कमरेला असतंच. आता डिसेंबरात भाचीचं लग्न पुण्याला आहे, बरोबर दागिने असणार आणि आम्ही आपल्याच गाडीने जाणार. मेहुणे म्हणतात लायसन्स असलं की भारतभर चालतं, दुकानातला मुनीम म्हणतो नाही चालत. खरं काय? आणि शर्टाच्या आत लपवून ठेवलं तर तो वेगळा गुन्हा होतो का? (एक वाचक, लश्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : मुनीम हुशार आहे, त्याचा पगार वाढवा.

आता आधी उठा आणि कपाटातून लायसन्स काढा. आपला फोटो, हत्याराचा नंबर, रिन्यूची तारीख हे सगळे बघतात, पण त्यात अजून एक रकाना असतो जो कोणी वाचत नाही, परवाना कुठल्या क्षेत्रात वैध आहे त्याचा. कुणाच्या लायसन्सवर तिथे फक्त जिल्हा असतो, कुणाच्या मध्य प्रदेश असतं, कुणाला शेजारच्या राज्यांची नावं जोडून मिळालेली असतात आणि थोड्या लोकांच्या नशिबात संपूर्ण भारत असतं. तुमच्या रकान्यात जे छापलंय तेवढीच तुमची हद्द, बाकी भारत तुमच्या मेहुण्यांचा.

आणि आपलं ग्वाल्हेर अशा ठिकाणी बसलंय की हद्द कधी ओलांडली ते कळतसुद्धा नाही. मुरैना मागे टाकलं, चंबळचा पूल ओलांडला की राजस्थान, धौलपूरला चहा घ्या, थोडं पुढे गेलात की उत्तर प्रदेश, म्हणजे आग्र्यापर्यंतच्या सव्वाशे किलोमीटरच्या आत तुम्ही तीन राज्यांत हत्यार घेऊन फिरलात. झाशीचं तेच, दतिया गेलं की थोड्याच वेळात यूपी. तुमच्या रकान्यात नुसतं मध्य प्रदेश असेल तर बारा वर्षं महिन्यातून दोन-तीनदा तुम्ही परवान्याची शर्त मोडत आलायत आणि कोणी थांबवलं नाही एवढंच. घाबरवायला सांगत नाहीये, पण माझ्याकडे जे येतात ते सगळे 'आजपर्यंत कधी काही झालं नाही' हेच वाक्य घेऊन येतात.

थांबवलं तर काय? शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे पोलीस तुम्हाला लायसन्स दाखवायला सांगू शकतो आणि तुम्ही नाही म्हणू शकत नाही. शर्त मोडली तर कलम ३०, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऐकायला किरकोळ वाटतं. पण नाक्यावरच्या माणसाने हद्दीबाहेर आहे म्हणजे लायसन्सच नाही असं धरून कलम २५ लिहिलं तर विनापरवाना हत्याराची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं आहे. कोर्टात तुमचा वकील कलम ३० साठी भांडेल, मीही भांडेन, पण तोपर्यंत लग्न होऊन भाची सासरी नांदायला लागलेली असेल. शिवाय कलम १७ खाली लायसन्स निलंबित किंवा रद्द होऊ शकतं ते वेगळंच.

पुण्याच्या रस्त्याचं म्हणाल तर शिवपुरी, गुना, ब्यावरा, देवास, इंदूर इथपर्यंत आपलंच राज्य. सेंधवा सोडून बिजासन घाट उतरलात की महाराष्ट्र, पुढे शिरपूर, धुळे. हद्द एकच आहे पण नेमकी तीच कडक आहे, कारण बडवानी, खरगोन, धार या पट्ट्यात देशी कट्टे बनतात आणि त्यातले बरेच महाराष्ट्रात उतरतात, त्यामुळे त्या बाजूचे पोलीस एमपीच्या गाड्यांकडे जरा जास्तच प्रेमाने बघतात. एमपी ०७ नंबर, डिकीत दागिने, कमरेला रिव्हॉल्व्हर आणि लायसन्सवर महाराष्ट्र नाही, आता सांगा तो हवालदार तुम्हाला वराकडचे समजून सोडेल का.

लपवण्याचा तुमचा प्रश्न मला आवडला कारण आपल्याकडे सगळा उलटा समज आहे. भिंड-मुरैन्याकडे दुनाळी खांद्याला लावून बाजारात फिरणं हे मानाचं, आणि पिस्तूल शर्टाखाली असेल तर माणूस गुन्हेगार. शस्त्र नियम २०१६ मधला नियम ८ बरोबर याच्या विरुद्ध सांगतो, सार्वजनिक जागी हँडगन न्यायची तर ती होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात राहील अशीच न्यायची. काढून दाखवणं, हवेत उडवणं पूर्ण बंद. म्हणजे झाकून ठेवणं गुन्हा नाही, ते तर करायचंच आहे. परदेशात त्यासाठी वेगळा परवाना लागतो असं मुलं सांगतात, आपल्याकडे तसा वेगळा प्रकार नाही.

पण ताबा हा शब्द नीट धरा. गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात रिव्हॉल्व्हर टाकलं, घाटात तुम्ही लघवीला उतरलात आणि ड्रायव्हर आत बसला, तर त्या पाच मिनिटांत ते कुणाकडे आहे? ड्रायव्हरकडे लायसन्स नाही. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या आपल्याच राज्याच्या खटल्यात सांगून ठेवलंय की ताबा म्हणजे नुसतं हातात असणं नव्हे, हत्यार दुसऱ्याकडे असलं तरी त्याच्यावर जाणूनबुजून नियंत्रण तुमचं असलं की ताबा तुमचाच. ते तुम्हालाही लागतं आणि माहिती असेल तर गाडीतल्या दुसऱ्यालाही अडकवू शकतं. म्हणून अंगावर नाहीतर घरी, गाडीत मोकळं नाहीच.

मग करायचं काय? व्यवसायाचं कारण तुमचं खरं आहे, जीएसटीचे कागद, आग्रा-झाशीच्या पेढ्यांची बिलं जोडून कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र शाखेत क्षेत्र वाढवून मागा, यूपी आणि राजस्थान तरी मागाच. संपूर्ण भारताची छाननी वेगळी आणि जास्त कडक, तिच्यावर डिसेंबरचं लग्न टांगून ठेवू नका. पुण्याला मात्र माझ्या मते रिव्हॉल्व्हर नेऊच नका. घरी कुलूपबंद ठेवा किंवा सगळं घरच रिकामं पडणार असेल तर लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करून पावती घ्या, दागिने चार माणसांत वाटून न्या आणि रात्रीचा घाट टाळा. आणि कोणी म्हणेलच की वरातीत एक तरी फैर झाली पाहिजे, तर २०१९ पासून त्या हर्ष फायरिंगसाठीच स्वतंत्र पोटकलम आहे, कुणाच्या जिवाला धोका झाला की दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

एक सांगायचं राहिलं. आपल्या भागात लायसन्स मिळवायला लोकांनी काय नाही केलं, २००८ मध्ये शिवपुरीत नसबंदी करा आणि लायसन्स घ्या अशी योजना होती, २०१९ मध्ये ग्वाल्हेरला दहा झाडं लावा मग अर्ज करा असं निघालं, मग गोशाळेला घोंगड्या द्या असंही. एवढं करून मिळालेला कागद लोक फ्रेम करून ठेवल्यासारखा जपतात आणि वाचत कधीच नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा डॅलसला नोकरीला आहे, एच-वन-बी वर. नाताळच्या सुट्टीत तो आणि त्याचा मित्र गाडीने न्यू जर्सीला आमच्या पुतण्याकडे जाणार आहेत. मित्राकडे ग्रीन कार्ड आहे आणि तो गाडीत पिस्तूल ठेवतो, म्हणतो टेक्सासमध्ये परवानासुद्धा लागत नाही. मला रात्री झोप नाही. हे बरोबर आहे का? (एक आई, नया बाजार, ग्वाल्हेर)

उत्तर : ताई, मित्र टेक्सासपुरतं बरोबर बोलतोय. तिथे १ सप्टेंबर २०२१ पासून ज्याला हत्यार ठेवायची कायद्याने मनाई नाही अशा २१ वर्षांवरच्या माणसाला हँडगन बाळगायला परवाना लागत नाही. पण डॅलसहून न्यू जर्सी म्हणजे नेहमीच्या रस्त्याने आर्कान्सा, टेनेसी, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, मेरीलँडचा छोटा तुकडा, पेनसिल्व्हेनिया आणि मग न्यू जर्सी. तिथे दर राज्याचा बंदुकीचा कायदा वेगळा, एकाचा परवाना दुसरा मानेलच असं नाही, मेरीलँड आणि न्यू जर्सी तर बाहेरचा कुणाचाच मानत नाहीत. आपल्या चंबळच्या पुलासारखंच आहे, फक्त पूल सात.

मित्राचं सोडा, तुमच्या मुलाचं बघा. एच-वन-बी हा तिथल्या कायद्यात तात्पुरता व्हिसा आहे आणि अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगणं हाच मुळात फेडरल, म्हणजे तिथल्या केंद्राच्या कायद्याखालचा गुन्हा आहे, शिकारीचं वैध लायसन्स असणं असे थोडे अपवाद सोडून, आणि शिक्षा १५ वर्षांपर्यंत जाऊ शकते. ग्रीन कार्डवाल्याला ही मनाई नाही, म्हणून मित्राच्या लक्षात येत नसेल. आता ते पिस्तूल डॅशबोर्डच्या खणात, मित्र पेट्रोल पंपावर आत गेलेला, गाडी तुमचा मुलगा चालवतोय आणि पिस्तूल आहे हे त्याला माहीत आहे. वर सराफसाहेबांना जे ताब्याचं सांगितलं तेच तिथेही विचारतात, वर न्यू जर्सीच्या कायद्यात तर गाडीत हत्यार सापडलं की ते गाडीतल्या सगळ्यांच्या ताब्यात आहे असं काही अपवाद सोडून गृहीतच धरतात.

मित्र कदाचित सांगेल की १९८६ चा फेडरल कायदा प्रवाशांना संरक्षण देतो. देतो, पण ज्या ठिकाणाहून निघालो आणि ज्या ठिकाणी चाललो तिथे दोन्हीकडे ते हत्यार बाळगणं आणि जवळ घेऊन फिरणं त्याला कायदेशीर असेल तरच, आणि वाटेत हत्यार गोळ्या काढलेलं, बसायच्या जागेवरून हात पोचणार नाही असं, म्हणजे डिकीत. डिकी वेगळी नसेल तर कुलपाच्या डब्यात, आणि समोरचा खण त्यात मोजतच नाहीत. त्याला न्यू जर्सीतच उतरायचंय आणि तिथला परवाना त्याच्याकडे नाही, म्हणजे कायद्याच्या पहिल्याच अटीवर गाडी अडकली.

तिथे रात्र काढणं किती महाग पडतं त्याचा एक किस्सा वकील लोकांत फार सांगतात. २००५ मध्ये यूटाचा एक माणूस विमानाने पेनसिल्व्हेनियाला निघाला होता, पिस्तूल सामानात रीतसर जाहीर केलेलं, कुलूपबंद. न्यू जर्सीतल्या नेवार्कला पुढची सोय चुकली, बॅग त्याच्या हातात आली, रात्री हॉटेलात राहिला. सकाळी एअरपोर्टवर प्रामाणिकपणे परत जाहीर केलं आणि अटक झाली. खटला नंतर मागे घेतला, पण अटकेविरुद्ध त्याने जो दावा लावला तो २०१० मध्ये अपील कोर्टात हरला, कारण हॉटेलात रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती म्हणजे कायद्याची अट तुटली. चूक विमानाची, तुरुंगवारी ह्याची.

तेव्हा मुलाला फोन करा आणि सरळ सांगा, पिस्तूल डॅलसला मित्राच्या घरी राहील, नाहीतर तू विमानाने जा. मित्राला वाईट वाटेल तर वाटू दे. आईचं नाव पुढे करायला सांगा, अशा वेळी ते चालतं.

प्रश्न : माझे मिस्टर मागच्या वर्षी गेले. त्यांची बारा बोअरची दुनाळी घरात आहे. मी आता कायमची इंदूरला मुलीकडे राहायला चाललेय, जावई म्हणतात सामानाच्या टेम्पोत घालून आणू, राज्य तर तेच आहे. (एक वाचक, ग्वाल्हेर)

उत्तर : नाही हो काकू, टेम्पोत अजिबात नाही. इथे राज्याच्या हद्दीचा प्रश्नच येत नाही, लायसन्स त्यांच्या नावाचं होतं आणि त्यांच्याबरोबर संपलं, म्हणजे आज ती बंदूक घरात असणं हेच बरोबर नाही. कलम २१ प्रमाणे ती विनाकारण उशीर न करता थान्यात, म्हणजे पोलीस ठाण्यात, किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करायची असते, वर्ष झालंय, तरी स्वतः होऊन जाणाऱ्याला आणि पकडून नेलेल्याला वेगळं वागवतात, उद्याच जा. बंदूक स्वतः उचलून नेऊ नका, आधी मृत्यूचा दाखला आणि जुनं लायसन्स घेऊन थान्यात सांगा, ते म्हणतील तसं. जावयांना किंवा मुलीला ठेवायची असेल तर वारस म्हणून त्यांना अर्ज करता येतो, २०१६ च्या नियमांत त्याची सोय आहे. थान्याच्या मालखान्यात दुनाळीला गंज चढतो, डीलरकडे भाडं पडतं पण तेलपाणी होतं, त्यामुळे ठेवायची असेल तर डीलर बरा. आणि जमा केली म्हणून विसरू नका, मुदतीत कोणी दावा केला नाही तर ती सरकारजमा होते, पावतीची झेरॉक्स मुलीकडे देऊन ठेवा.