रेसचे भाव आणि हेराफेरीचा संशय : वाचकांचे प्रश्न

ब्रिटनमधल्या मराठी वाचकांकडून ऑनलाइन रेसच्या भावांबद्दल तेच ते प्रश्न येतात, म्हणून काही एकत्र घेतले आहेत. १० चा भाव म्हणजे एक पौंड लावला आणि घोडा जिंकला, तर मुद्दलासकट दहा परत. ‘खाणं’ म्हणजे तो घोडा हरेल या बाजूने समोरच्याची पैज घेणं.

प्रश्न : सकाळी १० असलेला भाव रेसपर्यंत ५ झाला. हेराफेरीच ना?

बहुतेक वेळा नाही. पावसाने ट्रॅक मऊ झाला, जॉकी बदलला, एखादा घोडा काढून घेतला की भाव हलतात. आधी नॉन-रनर, म्हणजे रेसमधून काढलेला घोडा, कोण ते बघा.

प्रश्न : भाव चढतोय म्हणजे जॉकी घोडा मुद्दाम मागे ओढणार, असं मित्र सांगतो.

मित्राकडे पुरावा आहे का? नसेल तर हे बोलणं थांबवा. घोडे खाऊन कमावण्यासाठी रेस हरवल्याच्या आरोपाचा खटला २००७ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात चालला. न्यायाधीशांनी तो मध्येच थांबवला आणि आरोपी निर्दोष सुटले. तुम्ही स्वतः काही पाहिलं असेल तर ब्रिटिश हॉर्सरेसिंग ऑथॉरिटीला कळवा.

प्रश्न : टेलिग्रामच्या ग्रुपवर सकाळी टिप येते आणि खरंच दहा मिनिटांत भाव पडतो. म्हणजे आतली माहिती असणार?

नाही. आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच प्रकाराची वाटते. टिप आली, लोक धावले, म्हणून भाव पडला. घोड्याचा त्यात काही संबंध नाही. वुल्वरहॅम्प्टनच्या संध्याकाळच्या एखाद्या साध्या रेसवर सकाळी नऊला एक्सचेंजमध्ये (म्हणजे लोक एकमेकांशी पैजा लावतात त्या साइटवर) पैसा अगदी थोडा असतो. तेवढ्यात काहीशे पौंडांनीही भाव १० वरून ७ वर येऊ शकतो. बुकमेकर एक्सचेंजवर डोळा ठेवून असतात, त्यामुळे त्यांचेही भाव मागोमाग उतरतात. ते बघून ग्रुपमधले लोक ७ ला लावायला धावतात. त्यांच्या पैजा खाणारा कोण? टिप देणाराच असू शकतो.

हिशेब करून बघा. त्याने आधीच १० ला १०० पौंड लावलेत. आता तो ७ च्या भावाने १४२.८६ पौंड खातो. घोडा जिंकला तर ९०० येतात, ८५७.१६ जातात. हरला तर १४२.८६ येतात, १०० जातात. काहीही झालं तरी, एक्सचेंजचं कमिशन सोडून, सुमारे ४२.८५ पौंड त्याचे. तुमच्या हातात मात्र ७ चा भाव, आणि रेस सुटेपर्यंत तोच घोडा पुन्हा १० वर गेलेला असू शकतो. शिवाय ग्रुपमधल्या लिंकवरून खातं उघडलंत, तर तुमच्या तोट्यातला हिस्सा टिप देणाऱ्याला मिळेल असे करार सर्रास होतात. ‘फुकट’ टिपेचा पैसा तिथून येतो.

ग्रुप आजच सोडा. सोडण्याआधी टिपेची वेळ, भावाचे स्क्रीनशॉट आणि पैजेचा क्रमांक जपून ठेवा. लोक महिनाभर थांबतात आणि तोवर ग्रुपच गायब झालेला असतो. जुगारातली फसवणूक २००५ च्या गॅम्बलिंग ॲक्टच्या कलम ४२ खाली गुन्हा आहे. तुमचं प्रकरण त्यात बसतं का, ते सॉलिसिटरला विचारा.

प्रश्न : चालू रेसमध्ये मोठ्या भावाला प्रचंड रक्कम दिसली. लावले, जिंकलो, पण कंपनीने पैज बाद केली.

२८ डिसेंबर २०११ ला डब्लिनजवळ लेपर्ड्सटाउनला असंच झालं होतं. व्होलेर ला व्हेडेट ही घोडी जिंकत आली तरी बेटफेअर या एक्सचेंजवर २९ च्या भावाला सुमारे २ कोटी १० लाख पौंड दिसत होते. एका ग्राहकाच्या आपोआप पैजा लावणाऱ्या प्रोग्रामची ती चूक निघाली आणि कंपनीने चालू रेसमधल्या पैजा बाद केल्या. तुमच्या बाबतीत नियम काय म्हणतो, ते कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. कंपनीकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत तोडगा निघाला नाही तर इंडिपेंडंट बेटिंग ॲडज्युडिकेशन सर्व्हिस किंवा कंपनीने नेमलेल्या तशाच लवादाकडे जा. ग्राहकाला खर्च येत नाही. जुगारावर देखरेख ठेवणारं गॅम्बलिंग कमिशन वैयक्तिक वाद सोडवत नाही.

प्रश्न (पुण्याहून) : व्हॉट्सॲपवर ‘आयडी’ (पैजा लावायचं खातं) घेऊन ब्रिटनच्या रेसवर जिंकलो. पैसे हवेत तर आधी टॅक्स भरा म्हणतात.

एक रुपयाही भरू नका. आत्ता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग बँकेला. भारतात २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, तेव्हा वकिलाशीही बोलून घ्या.

प्रश्न : गेलेले पैसे भरून काढायची एखादी खात्रीची पद्धत?

नाही. ब्रिटनमध्ये असाल तर ०८०८ ८०२० १३३ या नॅशनल गॅम्बलिंग हेल्पलाइनवर आजच बोला.