गेम स्मूद चालतो पण रेकॉर्डिंग अडकत येतं आणि आवाजही मागेपुढे होतो. नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यावं का?

नका घेऊ. निदान आज तरी नका. याच गोष्टीवरून माझं आणि एका मित्राचं अजून वाजतं म्हणून लिहितोय.

एका बॉसला हरवायला मला चार रात्री लागल्या. शेवटी पडला एकदाचा, आणि रेकॉर्डिंग लावून बघतो तर बॉस तलवार उगारतो, चित्र गोठतं, आणि पुढच्या क्षणी तो आडवा! नेमका घावच गायब. खेळताना तर सगळं मस्त चाललेलं. मित्र म्हणाला, "पीसी खटारा झालाय तुझा, कार्ड बदल." मीही येड्यासारखा कार्डांचे भाव बघत बसलो.

मग ओबीएसमधली (ज्यावर मी रेकॉर्ड करतो ते सॉफ्टवेअर) स्टॅट्सची विंडो उघडली, जी कुणी उघडतच नाही. रेंडरिंग लॅगने (कार्डाला चित्र जुळवायला वेळ न मिळाल्याने) गेलेल्या फ्रेम्सचा, म्हणजे चित्रांचा, आकडा भराभर वाढतोय आणि एन्कोडिंग लॅगचा (व्हिडिओ दाबून फाइल बनवायला उशीर झाल्याने गेलेल्यांचा) शून्यावर. मॉनिटर माझा 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 चित्रंच दाखवणारा, गेमला फ्रेम्सची लिमिट नाही, तो सेकंदाला 140 फ्रेम्स काढतोय आणि कार्ड 99 टक्के एकटाच खातोय, ओबीएसला सीन जुळवायला जेवढं लागतं तेवढंही शिल्लक नाही. गेममध्ये 60 ची लिमिट टाकली, ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं, प्रश्न मिटला. मित्र म्हणे ड्रायव्हर अपडेट झाला असेल. मग मुद्दाम लिमिट काढून परत रेकॉर्ड केलं, परत तेच अडकणं, क्लिप त्याला पाठवली. उत्तरादाखल नुसता अंगठा आला.

तुमच्याकडे एन्कोडिंग लॅगचा आकडा वाढत असेल तर भानगड वेगळी, x264 (प्रोसेसरवर चालणारा एन्कोडर) सोडून एनव्हेंक (एनव्हिडिया कार्डातला) किंवा तुमच्या कार्डाचा जो एन्कोडर असेल तो लावा.

आवाजाचं म्हणाल तर विंडोजमध्ये माइक, हेडफोन आणि ओबीएस तिन्हीकडे सॅम्पल रेट एकच, 48 किलोहर्ट्झ ठेवा. एडिटरमध्ये टाकल्यावरच सरकत असेल तर फाइल व्हेरिएबल फ्रेम रेटची (फ्रेम्सचा वेग कमीजास्त होणारी) असू शकते, हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमधून कॉन्स्टंट करून घ्या. आणि साध्या एमपीफोरमध्ये रेकॉर्ड करत असाल तर एमकेव्ही करा, मध्येच क्रॅश झालं की एमपीफोर उघडतच नाही. नंतर ओबीएसमध्येच रीमक्स होतं, म्हणजे एमकेव्हीची एमपीफोर करता येते.

हां, लिमिट लावून, सेटिंग्ज लो करूनही कार्ड 99 वरच राहत असेल तर मात्र ते खरंच कमी पडतंय, मग घ्या. पण आधी स्टॅट्सचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, असा एक मित्र तुम्हालाही असेलच.