आधार मिसमॅच आहे, मुलीचं नाव शाळेतून काढतील का?

पालकांच्या ग्रुपवर मेसेज येतो, 'खालील मुलांचे आधार मिसमॅच आहे, तात्काळ दुरुस्त करून आणावे', म्हणजे आधारवरची माहिती शाळेतल्या नोंदीशी जुळत नाही, खाली नावांची यादी, आणि मग माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या आया हमखास विचारतात, मॅडम आता नाव कमी करतील का हो? ओळख कळणार नाही अशा बेताने एक केस सांगते.

मुलगी चौथीत. शाळेची वेळ झाली की पोट दुखायचं, डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. माझ्याकडे चित्र रंगवता रंगवता ती म्हणाली, "माझी तारीख चुकलीये ना, म्हणून मला काढणारेत." घरी काय चाललेलं तर आधार एका कॅम्पमध्ये काढलेलं, त्यावर जन्मतारीख 1 जानेवारी पडलेली, आणि त्यावरून रोज रात्री आईबाबांची भांडणं, तू का गेली नाहीस, मी रिक्षा सोडून कसा जाऊ, आणि एकदा रागात बाबा तिच्यासमोरच बोलून गेले, "आता बसू दे घरी."

तिला मी आधी स्पष्ट सांगितलं, बाळा तुला कोणी काढू शकत नाही. हे नुसतं समजूत काढायला नाही बरं का. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. आई हे ऐकून रडायलाच लागली.

मग आईला विचारलं, ताई शाळेत का गेला नाहीत? म्हणाली, "ऑफिसात काय बोलायचं तेच सुचत नाही, आणि बाईंना राग आला तर पोरीवर काढतील." ही भीती खोटी आहे असं मी कधीच म्हणत नाही, शिकलेले पालकसुद्धा गेटवरून परत फिरतात. पण बाईंचीही एक बाजू आहे. संचमान्यतेला, म्हणजे शाळेत शिक्षकांची पदं किती मंजूर होणार त्याला, आधार जुळलेली मुलंच धरायची असं सरकारने सुरू केलं, त्यामुळे वरून त्यांच्यामागे तगादा असतो आणि मेसेज तसा कडक येतो. तो राग तुमच्या मुलीवरचा नसतो.

काय करायचं ते आम्ही कागदावर लिहून काढलं. जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवायचं, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला, म्हणजे मुलांची नावं-जन्मतारखा लिहिलेल्या वहीत, काय नोंद आहे ते ऑफिसात विचारायचं. रजिस्टर आणि जन्मदाखला जुळत असेल तर शाळेत काहीच बदलायचं नाही, जन्मदाखला घेऊन आधार केंद्रावर जायचं, आणि जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते म्हणून पावतीवर नीट वाचूनच उठायचं. पाच वर्षांनंतरचे बोटांचे ठसे राहिले असतील तर तेही तिथेच होतात. रजिस्टरलाच चूक असेल तर मात्र मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, सोबत जन्मदाखला, शाळा तो पुढे शिक्षण विभागाच्या मंजुरीला पाठवते, वेळ लागतो, पण मूल त्या शाळेत आहे तोवरच करून घ्या कारण शाळा सोडल्याचा दाखला रजिस्टरवरूनच लिहितात आणि नंतर फार धावपळ होते. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर सही-शिक्का घेऊन पोच ठेवा. पोच मागणं म्हणजे भांडण नव्हे, ऑफिसवाल्यांना त्याची सवय असते.

आईने बोलायचं वाक्यसुद्धा माझ्याकडे म्हणून बघितलं, "बाई, रजिस्टरला काय तारीख आहे तेवढी बघायची होती." रजिस्टर बरोबर निघालं, काम आधार केंद्रावर झालं.

पोटदुखी लगेच थांबली नाही. आईबाबांनी हा विषय मुलगी झोपल्यावरच काढायचा असं ठरवलं आणि पाळलंही, मग हळूहळू कमी झाली. तुमच्याकडे कागद नीट होऊनही दुखणं चालूच राहिलं तर वर्गात, रिक्षात, मधल्या सुट्टीत काय होतंय ते शांतपणे विचारा, कारण वेगळं असू शकतं.