टेरिजियमचं ऑपरेशन: टाके, ग्लू की स्वतःचंच रक्त?

प्रश्न : नाकाच्या बाजूने मांस वाढत बुबुळावर आलंय. एक डॉक्टर टाके घालू म्हणतात, दुसरे ग्लू सुचवतात आणि त्याचे पैसे वेगळे सांगतात. ग्लू घ्यावा का?

परवडत असेल तर घ्या. हे वाढलेलं मांस, म्हणजेच टेरिजियम, काढलं की डोळ्याच्या पांढऱ्या भागावर उघडी जागा राहते. तिथे त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीआडचा पातळ पापुद्रा, म्हणजे ग्राफ्ट, बसवतात. तो कशाने धरून ठेवायचा, एवढाच हा वाद.

टाके पक्के धरतात, पण घालायला वेळ लागतो आणि नंतर बरेच दिवस डोळ्यात खडा गेल्यासारखं टोचतं. नायलॉनचे टाके काढावे लागतात, व्हिक्रिलचे विरघळतात. फायब्रिन ग्लू हा काही फेव्हिकॉल नव्हे. रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन हे दोन घटक एकत्र आले की तो घट्ट होतो. ऑपरेशन लवकर उरकतं, दुखणं कमी राहतं. तुलनात्मक अभ्यासांत मांस पुन्हा वाढण्याचं प्रमाणही ग्लूमध्ये कमी दिसलं. मात्र ग्राफ्ट सरकणं किंवा कड सुटणं टाक्यांपेक्षा थोडं जास्त. ग्लू मानवी प्लाझ्मापासून बनतो. विषाणू निष्क्रिय करण्याची प्रक्रिया केलेली असली, तरी संसर्गाचा धोका अगदी शून्य आहे असं कुणी म्हणणार नाही.

प्रश्न : आमचे डॉक्टर माझ्याच रक्ताने ग्राफ्ट चिकटवणार म्हणतात. मी हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेतो. चालेल?

ही गोळी चालू आहे, हे त्यांना आजच सांगा. या पद्धतीत उघड्या जागेवर किंचित रक्त राहू देतात, त्यावर ग्राफ्ट पसरून कडा दाबतात आणि आठ-दहा मिनिटं थांबतात. खर्च जवळजवळ नाही, बाहेरचं औषध नाही. म्हणून मला ती आवडते. पण सगळी भिस्त रक्त नीट गोठण्यावर. गोळीमुळे रक्त झिरपत राहिलं तर ते खाली साचून ग्राफ्ट उचलला जातो. तुमच्या बाबतीत मी टाकेच निवडेन. आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

प्रश्न : भावाचं ऑपरेशन झालं, आठ महिन्यांत मांस परत आलं. टाके चुकले का?

आधी कागद काढून बघा, ग्राफ्ट बसवला होता का? नुसतं मांस काढून जागा उघडी सोडण्याची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून चालते, आणि त्यात ते परत येण्याचं प्रमाण फार मोठं असतं. ग्राफ्ट बसवला असेल तर तो जागेपेक्षा थोडा मोठा होता का, त्याच्या खालचा जाड थर, म्हणजे टेनन, नीट सोडवला होता का, हे टाके-ग्लूपेक्षा महत्त्वाचं. ग्राफ्टची बुबुळाकडची कड बुबुळाकडेच ठेवावी लागते. वय कमी असेल तर मांस पुन्हा वाढण्याची शक्यताही जास्त. शिवाय दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी काचबिंदू आहे का ते डॉक्टरांना सांगा. पुढे त्यासाठी ऑपरेशन लागलं तर वरचा पापुद्रा शाबूत हवा, म्हणून ग्राफ्ट खालून घेता येतो.

प्रश्न : मी बोटीवर काम करतो. समुद्रावर कधी जाऊ?

ग्लू किंवा रक्ताने बसवलेला ग्राफ्ट पहिले काही दिवस नाजूक असतो. डोळा चोळला की गेलाच! डॉक्टरांनी ग्राफ्ट पक्का बसल्याचं सांगेपर्यंत किनाऱ्यावरच थांबा. नंतर गडद, बाजूने बंद असलेला गॉगल आणि टोपी कायम वापरा, कारण ऊन आणि वारा हेच या दुखण्याचं मूळ. स्टिरॉइडचे थेंब काही आठवडे चालतात. त्या काळात डोळ्याचा दाब तपासायला बोलावलं की जा.