शेकोटी आणि रायफल, दोन्हींना पुरेल असं जॅकेट

प्रश्न : मी तंबूत मुक्काम करतो, शिवाय रायफलने नेमबाजीही. दोन वर्षांत दोन जॅकेटं कामातून गेली. टिकाऊ कोणतं घ्यावं?

उत्तर : कुठं फाटली ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण अंदाज बांधतो : एकाचा खांदा घासून, दुसऱ्याला ठिणग्यांची भोकं पडून. माझीही तशीच गेली. नायलॉन प्रकाराप्रमाणे २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं. ठिणगी त्याहून कितीतरी गरम. म्हणून मी शेवटी मेणकापडावर आलो. घट्ट विणलेलं सुती कापड, त्यात मुरवलेलं मेण. ठिणगीने बहुधा डाग पडतो, लगेच भोक पडत नाही. पण मेण पेटतं, तेव्हा जाळाला खेटून बसू नका. ते जड असतं, उन्हात चिकचिकतं आणि धुलाईयंत्रात टाकलं की संपलंच! (माझ्या घरच्यांनी एकदा टाकलं. असो.) गार ओल्या फडक्याने पुसायचं, मेण उतरलं की पुन्हा लावायचं.

घालून बघताना आरशापुढं नुसतं उभं राहू नका. आतल्या स्वेटरसकट रायफल खांद्याला लावल्यासारखे हात उचला. पाठ ताणली, बाही मनगटावरून सरकली तर ते जॅकेट ठेवून द्या. बगलेत जादा पट्टी हवी, खांद्यावर दुहेरी कापड. साखळी (झिप) दोन्ही टोकांनी उघडणारी असली की बसताना सोय होते.

स्पर्धेत मात्र हे चालेलच असं नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत रायफल जॅकेटच्या कापडाची जाडी २.५ मिलिमीटरपर्यंतच चालते.