इंदूरला राहून व्हाइटवॉटर कयाकिंगसाठी (खळाळत्या पाण्यात छोटी होडी वल्हवण्यासाठी) नदीतला बचाव शिकता येईल का?

अर्धा शिकता येईल: दोरी फेकणं आणि प्रवाहात पोहणं महेश्वरजवळच्या सहस्रधारेवर, म्हणजे नर्मदेच्या खडकाळ, वेगवान प्रवाहात, जाणत्यांसोबत पक्कं करा, पण स्विफ्टवॉटर रेस्क्यूचा (वेगवान पाण्यातल्या बचावाचा) कोर्स ऋषिकेशला जाऊनच करा. मी सहस्रधारेवरच सराव करतो. 2023 च्या खेलो इंडियातली कनू स्लॅलम (खळाळत्या पाण्यात टांगलेल्या खांबांमधून होडी काढायची शर्यत) तिथेच झाली. सगळ्यात घातक म्हणजे वाहत्या पाण्यात उभं राहायला जाणं. पाऊल दगडांच्या फटीत अडकलं की कंबरभर पाणीसुद्धा माणसाला खाली दाबून धरतं. म्हणून पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, पायाची बोटं पाण्यावर. थ्रो बॅग (बचावाची दोरी भरलेली पिशवी) आधी हाक मारून मगच फेका, दोरी मनगटाला कधीही गुंडाळू नका. मात्र प्रवाहाच्या वरच्या बाजूला ओंकारेश्वर धरण आहे. पाणी सोडणार असतील त्या दिवशी नदीत उतरू नका.